पहिली मॅच कोणती बघावी: टी-ट्वेंटी, वनडे की कसोटी?

क्रिकेट नव्यानं समजून घेणाऱ्याला बहुतेक जण आधी टी-ट्वेंटी दाखवतात. साडेतीन तासांत निकाल लागतो, चौकार-षटकारांची रेलचेल असते, कंटाळायला फुरसतच नाही. तरी नियम नीट कळायला हवे असतील तर सुरुवात वनडेनं करावी. का, ते एका साध्या भागाकारावरून कळतं.

फलंदाजी जोडीनं करावी लागते, त्यामुळे अकरातले दहा बाद झाले की डाव आटोपतो. हे तिन्ही प्रकारांत सारखंच. चेंडू मात्र सारखे नाहीत. टी-ट्वेंटीत २० षटकं, म्हणजे १२० चेंडू. एका विकेटच्या वाट्याला १२ येतात. वनडेत ३०० चेंडू, विकेटमागे ३०. कसोटीत डावाला चेंडूंची मर्यादाच नाही. दिवसाला किमान ९० षटकं, असे पाच दिवस, प्रत्येक संघाला दोन डाव. फलंदाज उचलून कधी मारतो आणि चेंडू निमूटपणे कधी सोडून देतो, हे विकेटच्या या किमतीवर ठरतं.

टी-ट्वेंटीत विकेट स्वस्त, म्हणून जो तो मारत सुटतो. एका गोलंदाजाला जास्तीत जास्त ४ षटकं. पहिल्या ६ षटकांच्या पॉवरप्लेत ३० यार्डांच्या वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक, नंतर पाच. धावांचा हिशेब आणि अवांतर (फलंदाजाच्या नावावर न जाणाऱ्या) धावा शिकायला हा प्रकार झकास आहे. २३ ऑक्टोबर २०२२ च्या मेलबर्नमधल्या भारत-पाकिस्तान सामन्याचं शेवटचं षटक शोधून बघा. भारताला हव्या होत्या १६. पहिल्या चेंडूवर पंड्या झेलबाद. मग १, मग २. पुढचा चेंडू टप्पा न पडता कमरेच्या वर आला म्हणून नो-बॉल (नियमबाह्य चेंडू), आणि कोहलीनं त्यावर षटकारही मारला: एका फटक्यात ७ धावा, शिवाय फ्री हिट, म्हणजे पुढच्या चेंडूवर बहुतेक प्रकारांनी बाद न होण्याची सवलत. फ्री हिटचा चेंडू वाइड (फलंदाजाच्या आवाक्याबाहेर) पडला, म्हणून फ्री हिट कायम. त्यानंतरचा थेट यष्ट्यांवर आदळला! पण फ्री हिटवर त्रिफळाचीत होता येत नाही. चेंडू लांब गेला, दोघे तीन धावा पळाले. बॅट लागलीच नव्हती, म्हणून त्या कोहलीच्या नावावर न जाता ‘बाय’मध्ये गेल्या. मग कार्तिक यष्टिचीत (क्रीजबाहेर असताना यष्टिरक्षकानं बाद केला), पुन्हा एक वाइड, आणि अश्विनची विजयी धाव. षटक सहा चेंडूंचं, पण वाइड आणि नो-बॉल मोजणीत धरत नाहीत, म्हणून टाकले गेले नऊ. हे एक षटक तीनदा थांबवत थांबवत पाहिलं, की अर्धी परिभाषा आलीच.

एक सावधगिरी: नियम शिकायला आयपीएल घेऊ नका. तिथला इम्पॅक्ट प्लेअर, म्हणजे सामना चालू असताना उतरणारा बदली खेळाडू, आंतरराष्ट्रीय सामन्यांत नाही. वाइडवर रिव्ह्यू (पंचांचा निर्णय रीप्लेवर तपासून घेणं) मागायची सोयही तिथलीच. तिथून आलेला नवखा मग वर्ल्ड कप बघताना गोंधळतो.

वनडेत धाव आणि विकेट दोन्ही महाग, आणि हीच तिची खरी खुबी. गोलंदाजाला १० षटकं. वर्तुळाबाहेर पहिल्या १० षटकांत दोन, ११ ते ४० मध्ये चार आणि शेवटच्या १० मध्ये पाच क्षेत्ररक्षक. २०११ ची वानखेडेवरची फायनल घ्या. लक्ष्य २७५, म्हणजे षटकामागे साडेपाच. सेहवाग आणि सचिन गेले तेव्हा धावफलकावर २ बाद ३१. टी-ट्वेंटीत अशा वेळीही बॅट फिरवत राहावं लागतं. इथे गंभीर, कोहली आणि मग धोनीनं एकेक-दोनदोन धावा पळून डाव बांधला, कारण हाताशी चेंडू होते. निकाल: भारत ४८.२ षटकांत ६ विकेटनी विजयी. यात नवखे दोनदा अडखळतात. ४८.२ हा दशांश नाही. ४८ षटकं आणि २ चेंडू, म्हणजे १० चेंडू शिल्लक. आणि नंतर खेळणारा संघ जिंकला की उरलेल्या विकेट सांगतात, आधी खेळणारा जिंकला की धावांचा फरक.

कसोटी पहिल्याच दिवशी समजणार नाही, पण पायचीत (यष्ट्यांवर जाणारा चेंडू पायावर अडला म्हणून बाद) शिकायला तिच्यासारखी शाळा नाही. स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाशेजारी, तिघं उभे, चेंडू पॅडवर, सगळ्यांचं एकच अपील, आणि रीप्ले सावकाश बघायला भरपूर वेळ. क्रमानं विचारा. नो-बॉल नव्हता ना? चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर होता का? (लेग म्हणजे उभ्या फलंदाजाच्या पाठीकडची बाजू.) असेल तर नाबाद, विषय संपला. आधी बॅट लागली? नाबाद. पॅडला लागला तेव्हा यष्ट्यांच्या रेषेत होता? ऑफच्या (लेगच्या विरुद्ध बाजूच्या) बाहेर लागला आणि फलंदाज खरोखर खेळत होता, तर नाबाद; बॅट लांब ठेवून नुसता पाय पुढे केला असेल तर बाद देता येतं. शेवटी, तो यष्ट्यांवर गेला असता का? रिव्ह्यूत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागताना दिसला तर ‘अंपायर्स कॉल’, म्हणजे मैदानावरचा निर्णय कायम.

कसोटीत फ्री हिट नाही, आणि लेगला गेलेला जो चेंडू वनडेत वाइड ठरतो तो इथे बहुधा तसाच सोडून देतात. ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो. पहिल्या डावात २०० किंवा त्याहून जास्त धावांनी मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावता येतं, तो फॉलोऑन. आणि अनिर्णित म्हणजे बरोबरी नव्हे. बरोबरीत धावा समान होतात; अनिर्णित म्हणजे वेळ संपला, सगळे बाद झाले नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत ४०७ चं लक्ष्य असताना भारत ५ बाद ३३४ वर थांबला. जखमी विहारीनं १६१ चेंडूंत २३ धावा केल्या, आणि त्या खेळीचं कौतुक झालं. ते का, हे कळायला आधी विकेटची किंमत कळलेली हवी.

तेव्हा हातात संध्याकाळच असेल तर टी-ट्वेंटी, सुट्टीचा अख्खा दिवस असेल तर वनडे. कसोटी घ्यायची तर पहिल्या दिवशीचे लंचपर्यंतचे दोन तास पुरेत. ती ऑस्ट्रेलियातली असेल तर तिथल्या वाहिन्यांवर विकेट आधी लिहितात: ३/१५० दिसलं की घाबरू नका, ३ बाद १५० असं वाचा.