अ‍ॅडजीनचा रिव्ह्यू: प्लाज्मिड मागवायचं असेल तर वाचा

लॅबमध्ये नवीन आलेली पोरं सारखी विचारतात की प्लाज्मिड (डीएनएचा छोटा गोल रेणू, ज्यातून जीन पेशीत नेतात) कुठून मागवायचं, अ‍ॅडजीन बरं आहे का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि हे मार्क पार्सलमधून येणाऱ्या ट्यूबला कमी, त्यांच्या साइटवर प्रत्येक प्लाज्मिडचं जे पान असतं त्याला जास्त आहेत.

अ‍ॅडजीन ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असलेली ना-नफा संस्था. २००४ मध्ये मेलिना फॅन, त्यांचे पती केनेथ फॅन आणि भाऊ बेंजी चेन यांनी सुरू केली. त्याआधी काय व्हायचं, तर पेपर वाचायचा, प्राध्यापकांना मेल टाकायचा, वाट बघत बसायचं, आणि नशिबाने आलंच तर फिल्टर पेपरवर वाळवलेला डीएनएचा ठिपका पाकिटातून यायचा, सोबत पूर्ण सिक्वेन्स मिळेलच याची खात्री नाही. आता लोक आपली प्लाज्मिडं तिथे जमा करतात, ते तपासून साठवतात आणि मागेल त्या लॅबला पाठवतात. लाखाच्या वर प्लाज्मिडं आहेत आज.

हातात येतो तो स्टॅब, म्हणजे छोट्या ट्यूबमध्ये अगार आणि त्यात टोचलेले ई. कोलाय बॅक्टेरिया, ज्यांच्या पोटात आपलं प्लाज्मिड. बर्फबिर्फ काही नाही, साध्या तापमानाला येतं. नीट बघितलं तर टोचलेल्या जागी पांढुरकी रेघ दिसते. आला की लगेच बरोबर अँटिबायोटिक असलेल्या प्लेटवर स्ट्रीक करायचा (रेघा ओढून पसरायचा), सुट्या कॉलनीज मिळवायच्या, एक उचलून वाढवायची, मिनीप्रेप करून (पेशींतून प्लाज्मिड वेगळं काढून) डायजेस्ट चालवायचं (एन्झाइमने कापून तुकडे तपासायचे) आणि ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० ला टाकायचा. स्टॅबवरून थेट लिक्विड कल्चर लावू नका, सगळी खिचडी वाढते त्यात. अ‍ॅम्पिसिलिन प्लेट जास्त वेळ ठेवली की मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक सॅटेलाइट येतात, त्यांच्यात प्लाज्मिड नसतं, मोठीच उचला.

आता त्या पानाबद्दल, कारण मला वाटतं प्लाज्मिड समजून घ्यायची खरी शाळा तिथे आहे. रेझिस्टन्स (कोणत्या अँटिबायोटिकमध्ये तगतं), वाढवायचं तापमान, स्ट्रेन (बॅक्टेरियाचा वाण), कॉपी नंबर (एका पेशीत किती प्रती) अशा चार ओळी असतात, बरेच जण नुसतं रेझिस्टन्स बघून पुढे जातात आणि मग अडतात. उदाहरण घ्या पीकॅस, क्रमांक ६२२२५. ई. कोलायमध्ये जीन एडिटिंगसाठीचं, कॅनामायसिन रेझिस्टन्सचं. पानावर तापमान ३० लिहिलंय आणि ते उगाच नाही, त्याचं ओरिजिन (जिथून प्लाज्मिडची प्रत बनायला सुरुवात होते ती जागा) तापमानाला नाजूक आहे, ३७ ला वाढवलं तर पेशी प्लाज्मिड गमावून बसतात. आणि हीच त्याची खुबी! एडिटिंग झालं की ३७ ला वाढवायचं, प्लाज्मिड आपोआप जातं. जोडीचं पीटार्गेट (कुठे कापायचं ते सांगणारं दुसरं प्लाज्मिड) त्याआधीच काढता येतं, कारण आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) दिलं की पीकॅसवरचं एक गाइड आरएनए पीटार्गेटच्या ओरिजिनवरच जाऊन कॅस९ ला (डीएनए कापणारं एन्झाइम) कापायला लावतं. दोघांची ओरिजिन वेगळी म्हणून एका पेशीत सुखाने नांदतात, एकाच जातीची असती तर एकमेकांना हुसकवली असती. इतकी सुंदर रचना, आणि अर्धी गोष्ट त्या पानावरच्या ओळींमधूनच कळते.

कॉपी नंबरचंही तसंच. पीबीआर३२२ पेशीत १५-२० प्रती, पीयूसी१९ च्या ५०० च्या वर, ओरिजिन एकाच घराण्यातलं पण पीयूसीमध्ये रॉप जीन (प्रतींना आवर घालणारं) नाही आणि एका जागी म्युटेशन आहे. त्यामुळे लो कॉपी प्लाज्मिडचं मिनीप्रेप कमी आलं तर किटला शिव्या घालू नका, कल्चर जास्त घ्या. स्ट्रेनसमोर सीसीडीबी सर्व्हायव्हल (म्हणजे सीसीडीबी हे पेशी मारणारं जीन सोसणारा) लिहिलं असेल तर डीएच५ अल्फा या नेहमीच्या स्ट्रेनमध्ये टाकू नका, पेशी मरतात.

सिक्वेन्स डाउनलोड करताना दोन प्रकार दिसतात, एक जमा करणाऱ्या लॅबने दिलेला आणि एक अ‍ॅडजीनने स्वतः केलेला. दुसरा असेल तर क्लोनिंगचा प्लॅन त्यावरच करा, हातात येणार आहे ते तेच आहे. त्यांचा मॅपही छान असतो, पण एक्सबीए वन किंवा सीएलए वन या एन्झाइमने कापणार असाल तर कापायच्या जागेशेजारी जीएटीसी हा क्रम तयार होतोय का ते बघा, नेहमीच्या स्ट्रेनमध्ये तिथे डॅम मिथायलेशन होतं (पेशीतलं एन्झाइम डीएनएवर मिथाइल गट लावतं) आणि एन्झाइम कापतच नाही.

गोल्डन गेटची (डीएनएचे अनेक तुकडे एका फटक्यात जोडायची पद्धत) किटंही मिळतात, मोक्लो वगैरे, ९६ वेलच्या प्लेटमध्ये. यीस्टवाल्यांनी ड्युबर लॅबचं टूलकिट नक्की बघावं. वनस्पतींच्या मोक्लोमध्ये लेव्हल शून्य (सुटे भाग) स्पेक्टिनोमायसिन, एक (पूर्ण जीन) अ‍ॅम्पिसिलिन, दोन (अनेक जीन) कॅनामायसिन, त्यामुळे आधीच्या लेव्हलचं प्लाज्मिड पुढच्या प्लेटवर वाढूच शकत नाही, हा विचार मला फार आवडतो.

अर्धा मार्क कापला तो खर्च आणि कागदपत्रांसाठी. पैसे डॉलरमध्ये, शिपिंग वेगळं, म्हणून शेजारच्या लॅबला विचारून एकत्र ऑर्डर टाका. एमटीएवर (मटेरियल देण्याघेण्याचा करार) संस्थेच्या अधिकृत माणसाची सही लागते आणि ती फाइल टेबलावर पडून राहते, आमचं एकदा तसंच झालं होतं. भारतात आयबीएससीचे (संस्थेची जैवसुरक्षा समिती) कागद आधी तयार ठेवा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं. घरच्या पत्त्यावर, एकट्या माणसाला मिळत नाही. कंपनीत असाल तर बराचसा कॅटलॉग तुमच्यासाठी बंद आहे, पानावर आधी तपासा.

लेंटीव्हायरसची प्लाज्मिडं मागवणार असाल तर एका कॉलनीवर विसंबू नका, एलटीआर या दोन सारख्या क्रमांमध्ये रिकॉम्बिनेशन होतं (ते आपसात जुळून मधला भाग गळतो), दोन-तीन कॉलनीज डायजेस्ट करून बघा आणि एसटीबीएल३ या हे कमी होऊ देणाऱ्या स्ट्रेनमध्येच वाढवा.