इंग्रजीतून डच व्याकरण: काही महिन्यांच्या वापरानंतर

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला आल्यापासून डच शिकतेय. वापरात तीन गोष्टी आहेत. पहिली, पैसे भरून घेतलेलं, इंग्रजीतून शिकवणारं एक अ‍ॅप. दुसरी, संध्याकाळच्या वर्गातलं पुस्तक, जे पहिल्या पानापासून डचमध्येच आहे. तिसरी, नेटवर फुकट मिळणारं ‘आन्स’, म्हणजे डच भाषेचं जाडजूड संदर्भव्याकरण. त्याची पहिली आवृत्ती १९८४ची, दुसरी १९९७ची. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण माझी कुरकुर त्या एकट्याबद्दल नाही. ते इंग्रजी डोक्याच्या माणसासाठी लिहिलंय, आणि आपलं डोकं तसं नाही.

गौण वाक्याचंच घ्या, म्हणजे मुख्य वाक्याला जोडून येणाऱ्या वाक्याचं. ‘ओमदात’ म्हणजे ‘कारण’. तो आला की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. अ‍ॅपने यावर धड्यांमागून धडे लावलेत, प्रत्येकात ‘घाबरू नका’ असा सूर. आता हे वाक्य बघा: ‘ओमदात इक मॉर्खेन नार उट्रेख्त खा’. मराठीत: ‘कारण मी उद्या उट्रेख्तला जाते’. कारण, मी, उद्या, उट्रेख्त, जाते. क्रम तोच! फक्त ‘ला’ मागे लागतो आणि ‘नार’ पुढे. यात घाबरण्यासारखं काय आहे? ते सगळे धडे मी पटापट पुढे ढकलले.

आपली खरी अडचण साध्या वाक्यात आहे. तिथे क्रियापद दुसऱ्या जागेवर हवं म्हणजे हवंच. ‘मॉर्खेन’ने सुरुवात केली की लगेच ‘खा’, मग ‘इक’: ‘मॉर्खेन खा इक नार उट्रेख्त’. मराठीत ‘उद्या मी’ म्हणून पुढे क्रियापद सावकाश आणायची सवय, त्यामुळे जीभ ‘मॉर्खेन इक’वर जाऊन थांबते. शिवाय क्रियापद दोन तुकड्यांचं असलं, तर एक तुकडा दुसऱ्या जागी आणि दुसरा थेट शेवटी. ‘ऑपबेलेन’ म्हणजे फोन करणं, पण ‘इक बेल ये मॉर्खेन ऑप’. गौण वाक्यात मात्र दोन्ही तुकडे पुन्हा एकत्र. यावर अ‍ॅपमध्ये सराव अगदीच थोडा. वर्गातल्या पुस्तकाने इथे वाचवलं: तेच वाक्य कधी ‘आज’ने, कधी ‘घरी’ने, कधी ‘पण’ने सुरू करून लिहायचं, पानभर. कंटाळवाणं आहे, पण लागू पडतं.

‘दे’ आणि ‘हेत’, म्हणजे नामाआधी लागणारे इंग्रजी ‘द’सारखे दोन शब्द (‘हेत’ नपुंसकलिंगाला, ‘दे’ बाकीच्यांना), हा सगळ्यांच्याच रडण्याचा विषय. ‘मेइश्ये’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी कशी, यावर अ‍ॅप आश्चर्याने भरलेला परिच्छेद लिहितं. आपल्याकडे पोरगं, कोकरू, वासरू, पिल्लू ही सगळी ‘ते’च की. डचमध्ये लहानपण दाखवणारा प्रत्यय लागला की नाम ‘हेत’ होतं, आणि या नियमाला अपवाद नाही. लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं यातही मराठी माणसाला नवीन काही नाही. ‘अन ख्रोत हाउस’ (एक मोठं घर) पण ‘अन ख्रोते ताफेल’ (एक मोठं टेबल), एवढंच. बाकी शब्दांचं लिंग मात्र पाठच करावं लागतं. त्यासाठी सरकारमान्य शब्दसूचीचं संकेतस्थळ मी अ‍ॅपपेक्षा जास्त उघडते. शब्द टाकला की ‘दे’ की ‘हेत’ ते समोर येतं, आणि तेही फुकट.

पूर्ण वर्तमानात साहाय्यक क्रियापद ‘हेबेन’ (इंग्रजी ‘हॅव’) घ्यायचं की ‘झाइन’ (इंग्रजी ‘बी’), यात मराठी अर्धीच कामाला येते. ‘त्याने खाल्लं’ला ‘हेबेन’, ‘तो गेला’, ‘तो पडला’, ‘तो मेला’ला ‘झाइन’, इथपर्यंत छान जुळतं. मग ‘तो झोपला’ला ‘हेबेन’ निघतं आणि आपण गप्प बसतो.

‘एर’ या दोन अक्षरांच्या शब्दाबद्दल मात्र तिन्ही साधनांना पैकीच्या पैकी देता येत नाहीत. दारात माणूस उभा आहे, तर वाक्य ‘एर’ने सुरू. ‘माझ्याकडे दोन आहेत’, तर ‘इक हेप एर त्वे’. मराठीत त्या ‘एर’ला जागाच नाही. अ‍ॅप म्हणतं ‘हळूहळू कानाला सवय होईल’. पुस्तकात उपयोगांचा तक्ता आहे. आन्समध्ये सविस्तर मांडणी आहे, पण ती वाचण्याइतकं डच येईपर्यंत थांबावं लागतं.

याउलट ‘तॉख’, ‘एवेन’, ‘मार’ हे बारके शब्द. ‘ये कोम्त तॉख?’ म्हणजे ‘येतेयस ना?’, ‘वाख्त एवेन’ म्हणजे ‘जरा थांब’. अ‍ॅपने पानभर समजावून जे कळेना, ते मराठीत ठेवल्यावर लगेच बसलं. दुकानात, शेजाऱ्यांशी बोलताना हे शब्द वापरले की समोरचा इंग्रजीवर उडी मारायला जरा वेळ लावतो. आइंडहोवनसारख्या शहरात, जिथे कॅन्टीनपासून डॉक्टरपर्यंत सगळे चटकन इंग्रजीत बोलू लागतात, तिथे याची किंमत मोठी.

नागरिकत्वासाठीच्या परीक्षेचा विचार असेल तर लक्षात ठेवा, व्याकरणाचा वेगळा पेपर नसतो. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं आणि डच समाजाची माहिती. त्यामुळे नियम पाठ करण्यापेक्षा लेखनाचा सराव करा, आणि तो तपासणारं कुणीतरी गाठा.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याला अ‍ॅप शब्दसंग्रहासाठी ठीक आहे. वर्षाचं शुल्क भरू नका, महिन्याचं घ्या. व्याकरणासाठी वर्गातलं डच पुस्तक आणि शेजारी मराठीत टिपणं काढायला एक वही. माझं अ‍ॅपचं सदस्यत्व पुढच्या महिन्यात संपतंय, ते वाढवणार नाही.