गंगापूर रोडकडचं बास्केटबॉल कोचिंग: तीन वर्षांचा अनुभव, पाचपैकी साडेतीन स्टार

नाव मुद्दाम टाकत नाहीये. सरांबद्दल मनात खूप आदर आहे आणि एक तक्रारही आहे, आणि नाशिकमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच कुठलं ते. मी इथे एफवायपासून टीवायपर्यंत होतो, आमच्या कॉलेजची अख्खी टीमच इथे यायची कारण कॉलेजच्या कोर्टवर एकच रिंग धड होती, दुसरीचा बोर्ड फुटलेला. मी एसवायला असताना आम्ही युनिव्हर्सिटीची नाशिक झोनल, म्हणजे नाशिक झोनमधल्या कॉलेजांची स्पर्धा, जिंकलो आणि टीवायला मी कॅप्टन होतो तेव्हा पहिल्याच मॅचला बाहेर. कोर्ट तोच, सर तेच, फी पण तीच. ज्यांना पोराला घालायचंय किंवा जिमखान्यातून टीम पाठवायचीय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, मोठं झालंय पण मला नीट सांगायचंय.

कोर्ट उघडा आहे, सिमेंटचा, वर पेंट मारलेला, पूर्ण मापाचा म्हणजे २८ बाय १५ मीटर, लाइट चांगले आहेत. चांगला कंपोझिट (कृत्रिम लेदरचा) बॉल नेऊ नका, सिमेंटवर दोन महिन्यांत ग्रिप जाते, सात नंबरचा रबरी बॉल न्या. पाणी प्यायचं तिथे आहे. पार्किंग ओके.

आता शिकवणं. पहिल्या दिवशी सरांनी मला बॉल हातात दिलाच नाही, पाऊण तास नुसतं धावत येऊन दोन पायांवर थांबायचं, गुडघे वाकवून, मग एक पाय रोवून फिरायचं, परत तेच. मला तेव्हा वैताग आला होता पण पुढे मॅचमध्ये समोरची पोरं ट्रॅव्हलिंगमध्ये (बॉलचा टप्पा न मारता जास्त पावलं टाकणं) सापडायची आणि आमची नाही, ते ह्याच्यामुळे. रिबाउंडचं, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडायचं, ड्रिल तर मी दुसरीकडे कुठे बघितलंच नाही, रिंगवर जुन्या प्लास्टिकच्या टाकीचं झाकण तारेने बांधून टाकायचे म्हणजे बॉल आत जाणारच नाही, प्रत्येक शॉट बाहेर येणार आणि प्रत्येक वेळी तुम्हाला समोरच्याला पाठीवर घेऊन अडवायचंच. 'आधी पाठ लाव, मग बॉल बघ,' हे वाक्य मला अजून झोपेतसुद्धा ऐकू येतं. आणि शेवटी, सगळ्यात शेवटी, लाइन टू लाइन धावून पाय लाकडासारखे झाले की प्रत्येकाचे दहा फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट), सातपेक्षा कमी गेले की परत धावायचं.

झोनलच्या फायनलला ह्याचं सगळं फळ मिळालं. समोरचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, आमच्या सेंटरपेक्षा चांगला वीतभर उंच होता, तरी त्याला रिंगखाली उभं राहायला जागाच मिळाली नाही, आमच्यावाल्याने पाठ लावून त्याला एंड लाइनपर्यंत ढकलत नेलं. चौथ्या क्वार्टरला त्यांचे चार टीम फाउल भरलेले, म्हणजे पुढच्या प्रत्येक फाउलला आम्हाला दोन फ्री थ्रो, आणि थकलेल्या पायांनी मारायची आमच्या पोरांना सवयच होती. शेवटच्या दोन मिनिटांत एकच चुकला. मी बेंचवर होतो, टॉवेल दातात धरून बसलो होतो.

पण नुसत्या कोचिंगने जिंकलो असं मी म्हणणार नाही. टीवायची चार पोरं अकरावीपासून एकत्र खेळत होती, पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा) मान न वळवता पास टाकायचा आणि सेंटरचा हात तिथे असायचाच. आणि दुसरी गोष्ट म्हणजे वायपर. नाशिकचा पाऊस तुम्हाला माहितीये, ऑगस्टमध्ये तो कोर्ट म्हणजे तळं, तर ही चार पोरं अर्धा तास आधी येऊन वायपर मारायची, कोपऱ्यात गोणपाट टाकायची आणि बरोबर सहाला आम्ही कोरड्या कोर्टवर उभे. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. त्या सीझनला पावसामुळे आमची प्रॅक्टिस फार तर चारपाच वेळा बुडाली असेल.

मग ती गेली. एक पुण्याला एमबीएला, एक अंबड एमआयडीसीत अप्रेंटिस, शिफ्टमुळे फोनवरपण सापडेना, एक स्पर्धा परीक्षेच्या मागे, आणि पॉइंट गार्ड एमकॉमला होता म्हणजे नियमाने खेळू शकत होता, पण त्यांची पिंपळगावकडे द्राक्षबाग, झोनल बरोबर ऑक्टोबर छाटणीत आली आणि घरात तो एकटाच मुलगा. त्याला कोण काय बोलणार. आणि त्या पावसाळ्यात आम्ही सगळे सहाला यायचो, कोर्ट ओला बघायचो आणि चहाला जायचो, मी कॅप्टन असून मलापण वायपर उचलायचं सुचलं नाही हे मी मान्य करतो.

आता तक्रार. पुढच्या वर्षीच्या पहिल्या मॅचला समोरच्यांनी पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावला, आमच्या बास्केटपासूनच दोघं दोघं अंगावर. नियम असा की आठ सेकंदांत बॉल हाफ कोर्टच्या पलीकडे न्यावा लागतो. आमचा एफवायचा पोरगा बॉल घेऊन कोपऱ्यात अडकला, मी पास मागायला पळालो तर माझ्यावर पण माणूस, रेफरीचा हात आठ सेकंदांसाठी वर गेला. परत तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः घेतला आणि साइड लाइनच्या बाहेर पाय पडला. पहिला क्वार्टर १४-२. त्या पोराचा चेहरा मला अजून आठवतो, बॉल हातात आला की तो आधी सरांकडे बघायचा, मग माझ्याकडे, तोपर्यंत चार सेकंद गेलेले.

रात्री घरी विचार करत बसलो तेव्हा लक्षात आलं की आदल्या पूर्ण वर्षभर प्रॅक्टिसमध्ये प्रेस लावायचो आम्ही बेंचवाले आणि प्रेस तोडायचे सिनियर. रोज. म्हणजे प्रेस लावायचा कसा ते आम्हाला झोपेत पण येत होतं, पण तो तोडायचा कसा हे आमच्यापैकी एकानेही कधी केलंच नव्हतं, बॉल वर, म्हणजे समोरच्यांच्या बास्केटकडे, न्यायचं काम अख्ख्या टीममध्ये एकाच्याच हातात होतं आणि तो छाटणीला गेला. झोनलमध्ये वीस वीस पॉइंटचा लीड असताना पण सरांनी पहिले पाच बाहेर काढले नाहीत, सगळ्या मॅचेस मिळून मी एक क्वार्टरभर पण खेळलो नसेन, आणि पुढच्या वर्षी म्हणे तू कॅप्टन.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल केवढं मोठं, तिथेपण हेच. केंटकी युनिव्हर्सिटीने २०१२ ला एनसीएए, म्हणजे तिथली मेन कॉलेज टुर्नामेंट, जिंकली, त्या टीममधले सहा जण त्याच वर्षी एनबीए ड्राफ्टमध्ये (प्रो टीम्स नवे खेळाडू निवडतात तो) गेले, अँथनी डेव्हिस तर पहिल्या नंबरला, आणि पुढच्या सीझनला त्यांना मेन टुर्नामेंटमध्ये जागाच मिळाली नाही, एनआयटी नावाच्या खालच्या टुर्नामेंटमध्ये पहिल्याच मॅचला रॉबर्ट मॉरिस नावाच्या छोट्या युनिव्हर्सिटीकडून हरले, तेही ५९-५७. नॉर्थ कॅरोलिनाचं तसंच, २००९ ला चॅम्पियन, पॉइंट गार्ड टाय लॉसन आणि टायलर हॅन्सब्रो वगैरे गेले, २०१० ला एनआयटी. मला सगळ्यात जास्त पटतं ते फ्लोरिडाचं, २००६ ला जिंकले आणि पहिल्या पाचमधला एकही गेला नाही, सगळे परत आले आणि २००७ ला परत जिंकले, मग पाचही गेले आणि २००८ ला तेपण एनआयटीत. कोच तिन्ही वर्षं बिली डोनोव्हनच. म्हणजे एवढे मोठे कोच, एवढा पैसा, तरी पहिले पाच गेले की हे होतंच, पण आपल्याकडे पोरं कधी जाणार हे तर आधीपासून माहिती असतं ना, टीवाय संपलं की जाणार, त्यात सरप्राइज काय आहे? मग एसवायच्या पोराला वर्षभर आधी बॉल वर न्यायला लावता येतंच की.

मी हे सगळं सरांना जाऊन सांगितलं. ते चिडले नाहीत, शांत ऐकलं, म्हणाले तेव्हा कॉलेजला ट्रॉफी हवी होती रे, आणि ती चार पोरं परत मिळणार नव्हती. मला ते पटलं पण आणि नाही पण. ट्रॉफीचा आनंद आयुष्यभर राहील, ते खोटं नाही. पण त्या एफवायच्या पोराने त्या मॅचनंतर खेळणं सोडलं, आणि त्याचा शॉट आमच्या सगळ्यांपेक्षा भारी होता, हे मला फार लागलंय.

आता बदल झालाय, म्हणून दीड स्टारच कापतोय. दिवाळीत गेलो होतो तर शनिवारी ज्युनियरची वेगळी मॅच असते, सिनियर प्रेस लावतात आणि ज्युनियर तोडतात, बरोबर उलटं, आणि पॉइंट गार्डला दर पाच मिनिटांनी बदलतात. एक बारकी मुलगी होती अकरावीची, दोन सिनियरच्या मधून बॉलचा टप्पा खाली ठेवून निघाली, मी उभा राहून टाळ्या वाजवल्या.

बेसिक शिकायचं असेल तर डोळे झाकून जा, आठवी-नववीच्या पोरांना तर नक्कीच. कॉलेजची टीम पाठवणार असाल तर सरांना पहिल्याच दिवशी विचारा की एफवाय-एसवायवाल्यांना मॅचमध्ये किती मिनिटं देणार, आणि तुमच्या स्पोर्ट्स डायरेक्टरलापण सोबत न्या म्हणजे ट्रॉफीचं प्रेशर कोण टाकतंय ते तिथेच बोलून होईल. पावसाळ्यात बॅच सहाची असते पण साडेपाचला पोचा. वायपर गेटच्या मागे डाव्या बाजूला असतात, दोन आहेत.