टीमचा लुक हळूहळू बदलायचा का एकदम नवा आणायचा? दोन्ही रस्ते शेजारी ठेवून बघू

बीजीएमआय (पबजी मोबाइलचं भारतातलं रूप) आणि व्हॅलोरंट या व्हिडिओ गेम्सच्या स्पर्धा खेळणाऱ्या पुण्यातल्या बऱ्याच टीम्स सध्या एकाच वळणावर आहेत, म्हणजे लोगोत कॉलेजात असताना कुणीतरी नेटवरून उचललेला चिडका लांडगा नाहीतर वाघ, खाली टोकदार फॉन्टमध्ये नाव, जांभळा-निळा ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग), आणि आता टीमचं जरा नाव झालंय, स्पॉन्सर विचारायला लागलाय, जर्सी छापायचीये, तर आहे तेच नीट करायचं का सगळं पुसून नवीन आणायचं यावरून ग्रुपवर भांडणं. माझं मत आधीच सांगते: नाव तेच ठेवणार असाल तर हळूहळू बदला, नाव बदलणार असाल तरच एकदम नवं करा. आता का ते बघा.

हळूहळू बदलण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे टीम लिक्विड. २००० साली नेदरलँड्समध्ये स्टारक्राफ्ट या गेमची क्लॅन, म्हणजे खेळाडूंचा गट म्हणून सुरुवात झाली, पुढे किती गेम आले किती गेले, पण निळा रंग आणि घोडा कायम. २०१७ मध्ये त्यांनी लोगो नवा केला तेव्हा सुद्धा घोड्यातला बारीकसारीक तपशील काढून टाकला, आकार साधा केला, बस. फॅनला वेगळं काही शिकावं लागलं नाही. फनाटिकचंही तेच, २००४ ची टीम, २०२० मध्ये लोगो साफसूफ केला पण केशरी-काळा सोडला नाही. आपल्याकडे मिरवणुकीत ढोल पथक लांबून येताना नुसत्या ध्वजावरून आणि पोशाखावरून ओळखू येतं ना, नाव वाचायची गरजच पडत नाही, ही ओळख तशीच वर्षानुवर्षांनी साठते आणि म्हणूनच ती टाकून देताना दहा वेळा विचार करावा.

एकदम नव्याचा धोका बघायचा असेल तर इव्हिल जीनियसेस. १९९९ पासूनची टीम, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी ओळखीचा लोगो काढून पूर्ण वेगळा आणला. नाव तेच, फक्त चेहरा अनोळखी, फॅन्स प्रचंड भडकले आणि २०२० मध्येच त्यांना जुन्या लोगोचं सुधारलेलं रूप परत आणावं लागलं. डबल खर्च, डबल मेहनत.

पण एकदम नवं नेहमी फसतं असं अजिबात नाही. सॅमसंग गॅलेक्सी या संघानं २०१७ ला लीग ऑफ लेजेंड्स या गेमची जागतिक स्पर्धा, वर्ल्ड्स, जिंकली, मग संघ केएसव्ही या कंपनीकडे गेला आणि २०१८ मध्ये जेन.जी झाला, म्हणजे कंपनीचं नाव गेलं तर जुनं रूप ठेवून उपयोगच नव्हता, तिथे काळं-सोनेरी नवीन रूप बरोबर बसलं. याच्या शेजारी एसके टेलिकॉम टी१ ही टीम ठेवा. २०१९ मध्ये त्यांनी पुढचं कंपनीचं नाव काढलं आणि फक्त टी१ ठेवलं. मला हा निर्णय फार आवडतो, कारण फॅन जे तोंडाने म्हणत होते त्यातलंच एक ठेवलं आणि बाकीचं सोडलं.

स्पॉन्सरचं नाव टीमच्या नावात घालायचा विचार असेल तर टीएसएम या टीमची गोष्ट एकदा वाचाच. जून २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीबरोबर १० वर्षांसाठी २१ कोटी डॉलरचा करार, टीम झाली टीएसएम एफटीएक्स, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्सच बुडाली, नाव काढावं लागलं. स्पॉन्सरला जर्सीच्या छातीवर जागा द्या, बाहीवर द्या, ओव्हरलेवर (स्ट्रीमवर गेमच्या वर दिसणाऱ्या पट्ट्या-चौकटींवर) द्या, पण मुख्य चिन्हाला चिकटवू नका.

आता आपल्याकडचा एक मुद्दा जो बाहेरच्या टीम्सना इतका लागू होत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल बंद झाला, जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, जुलै २०२२ ला तोही स्टोअरमधून गेला आणि मे २०२३ ला परत आला. एवढ्या उलथापालथीत ज्यांच्या लोगोत तवा, लेव्हल थ्रीचं हेल्मेट नाहीतर एअरड्रॉपची पेटी होती त्यांची ओळख गेमबरोबरच लटकली. तुमच्या लोगोत गेमची वस्तू असेल तर तेवढं काढाच, आणि चिन्हात दुसरं काही उरतच नसेल तर मात्र नाव तेच असलं तरी पूर्ण नवं करायला माझी हरकत नाही. बीजीएमआयमध्ये खेळाडूच्या नावाला जोडलेला टॅग, म्हणजे टीमची दोन-चार अक्षरं, हीच खरी ओळख असते, किल फीडमध्ये (कुणी कुणाला मारलं ती स्क्रीनवरची यादी) नावाबरोबर तीच दिसतात, त्यामुळे काहीही बदला पण टॅगला हात लावू नका.

निर्णय घेताना मोठ्या मॉनिटरवर दोन लोगो बघून मत देऊ नका, तिथे दोन्ही छानच दिसतात. दोन्ही डिस्कॉर्ड या चॅट ॲपच्या प्रोफाइल फोटोच्या गोलात घाला, लांडग्याचे कान कापले जातात का बघा. मग एक टेस्ट स्ट्रीम करून फोनवर ४८० पी या कमी क्वालिटीत बघा. व्हिडिओमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी रेझोल्यूशनला साठवतात, त्यामुळे काळ्यावर गडद लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात आणि काळ्यावर पांढरी अक्षरं टिकतात. जुन्या मॅस्कॉटच्या (लोगोतल्या प्राण्याच्या) केसांच्या रेषा तर तिथे गायबच होतात, नुसता जांभळा डाग उरतो. टीम लिक्विडने तपशील का कमी केला असेल ते हा डाग बघितला की लगेच पटतं.

जर्सीचं अजून वेगळं. सब्लिमेशनमध्ये (उष्णतेने शाई कापडात उतरवायची छपाई) ग्रेडियंट येतो, पण स्क्रीनवर झळकणारा निऑन जांभळा कापडावर मातकट होतो, कारण साध्या शाईत तो रंगच बसत नाही. आणि टोपीवर भरतकाम करायचं म्हटलं तर ग्रेडियंट विसराच, दोऱ्याचे सपाट रंग लागतात, बारीक अक्षरं भरून जातात. छपाईवाल्याकडून एका जर्सीचा नमुना काढून घ्या, तो उन्हात आणि ट्यूबलाइटखाली दोन्हीकडे बघा, मगच बाकीच्या टाका.

पैशाचं बोलायचं तर हळूहळू बदलण्यात जुन्या जर्सी चालून जातात, ओव्हरले टप्प्याटप्प्याने बदलता येतात. एकदम नव्यात सगळं एकाच दिवशी बदलावं लागतं, यूट्यूब, इन्स्टा, डिस्कॉर्ड, टूर्नामेंटवाल्यांना दिलेली फाइल, नाहीतर सेमीफायनलच्या पॉइंट्स टेबलवर जुना लोगो आणि जर्सीवर नवा असा घोळ. म्हणून हे काम सीझन संपल्यावरच करा.

मधला रस्ता पण आहे आणि छोट्या टीमला बहुतेक तोच परवडतो: चिन्ह आणि मुख्य रंग ठेवायचा, फॉन्ट, दुसरा रंग, पोस्टची मांडणी नवीन करायची. नाव देवनागरीतही हवं असेल तर आत्ताच काढून घ्या, ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचा ‘बलू’ हा फॉन्ट मोकळ्या लायसन्सचा आहे, जर्सीवर वापरायला अडचण नाही.

आणि एक गोष्ट दोन्ही रस्त्यांच्या आधी तपासा. नेटवरून घेतलेला मॅस्कॉट बहुतेक वेळा अजून कित्येकांना विकलेला असतो, त्यावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. तसं असेल तर लांडगा लांडगाच ठेवा पण कुणाकडून तरी नव्याने काढून घ्या, हक्क लेखी घ्या आणि ट्रेडमार्कचा अर्ज करा. अर्ज क्लासप्रमाणे, म्हणजे वस्तू-सेवेच्या वर्गाप्रमाणे करायचा असतो: खेळ आणि मनोरंजनासाठी क्लास ४१, कपड्यांसाठी २५, ऑनलाइन अर्ज केला तर वैयक्तिक अर्जदाराला किंवा स्टार्टअपला एका क्लासचे ४,५०० रुपये. दोन्हीचे पैसे नसतील तर आधी ४१ चा करा, मर्चेंडाइज विकायला लागलात की २५ चा.