ग्राउंड न्यूज ॲप : माध्यमांचा कल दाखवतं, पण बातमी कुठे संपून मत सुरू होतं ते नाही

एकाच घटनेची बातमी कुणी कशी दिली हे एका पडद्यावर पाहायचं असेल तर ग्राउंड न्यूज हे कॅनडातलं ॲप सोयीचं आहे. बातमी उघडली की डावी, मधली आणि उजवी माध्यमं किती, ते सांगणारी रंगीत पट्टी दिसते आणि खाली सगळ्यांचे मथळे. पट्टी राहू द्या, आधी मथळे वाचा. निधी ‘नाकारला’ आणि निधी ‘अडवला’ यांत घटना एकच, पण दुसऱ्यात वार्ताहराने निकालही देऊन टाकलेला असतो.

पट्टीवर किती विसंबायचं? ऑलसाइड्स, ॲड फॉन्टेस मीडिया आणि मीडिया बायस फॅक्ट चेक या तीन अमेरिकी संस्थांच्या मानांकनांची सरासरी काढून ॲप सात पायऱ्यांपैकी एक शिक्का मारतं. शिक्का अख्ख्या माध्यमाला, समोरच्या लेखाला नव्हे. घोळ इथेच होतो. वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकी दैनिकाच्या बातम्यांचा आणि मतपानांचा कल वेगळा, म्हणून ऑलसाइड्स दोन्हींना स्वतंत्र मानांकन देतं. ॲड फॉन्टेस त्याहून बारकाईने जातं: एकेक लेख डाव्या, मध्यम आणि उजव्या विचारांच्या विश्लेषकांकडून वाचून घेतं आणि विश्वासार्हतेला ० ते ६४ गुण देतं. त्यात वस्तुस्थिती सांगणारी बातमी सर्वात वर, विश्लेषण त्याखाली, निव्वळ मत आणखी खाली. ग्राउंड न्यूजच्या एका शिक्क्यात हे सगळं सपाट होतं.

आकडेही जपून वाचावेत. एपी किंवा रॉयटर्स या वृत्तसंस्थांची एकच बातमी अनेक ठिकाणी जशीच्या तशी लागली, तरी मोजणीत प्रत्येक ठिकाण वेगळं धरलं जाऊ शकतं. तीन-चार दुवे उघडून पहिला परिच्छेद ताडून पाहिला की उमगतं.

एका बाजूने जवळपास न छापलेल्या बातम्या दाखवणारा ‘ब्लाइंडस्पॉट’ विभाग मात्र खरोखर कामाचा. (त्यातली प्रत्येक बातमी दडपलेली नसते, काही नुसत्या फुटकळ असतात.)

मत ओळखायचं काम आपल्यालाच करावं लागतं. न्यूयॉर्क टाइम्स, द हिंदू यांच्या दुव्याच्या पत्त्यातच ‘ओपिनियन’ लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर फक्त मथळा पुढे ढकलला की ही खूण कुणी पाहत नाही. खूण नसेल तर प्रत्येक ठाम वाक्याला ‘हे कोण म्हणालं?’ विचारा. नाव, कागद, आकडा काहीच सापडलं नाही, तर ते वार्ताहराचं मत समजा.

भारतीय माध्यमांसाठी या शिक्क्यांचा उपयोग बेताचाच. बंदुका, गर्भपात, करकपात यांवरून बेतलेली अमेरिकी डावी-उजवी मोजपट्टी जात, आरक्षण आणि शेतमालाच्या भावाला लावायची कशी? कुठलं माध्यम कुणाच्या मालकीचं, हा तपशील ॲपमध्ये हवा असेल तर पैसे मोजावे लागतात. अमेरिकी निवडणुका रोज वाचणाऱ्यांनी जरूर मोजावेत. बाकीच्यांना फुकटातले मथळे पुरतात.