लोकलेखा समितीचे अहवाल: वाचावेत, पण मागच्या बाजूने

सरकारी खर्च तपासणाऱ्या या संसदीय समितीचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, इंग्रजी आणि हिंदीत. भाषा रुक्ष, पण ऐवज भरपूर.

समितीत लोकसभेचे १५, राज्यसभेचे ७. मंत्री चालत नाही, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधकांकडे असते. कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालांतले मोजके विषय उचलायचे, खात्याच्या सचिवांना साक्षीला बसवायचे आणि विचारायचे: मंजूर रक्कम त्याच कामावर गेली का? मंजुरीपेक्षा जास्त गेली असेल तर का? तो जादा खर्च अनुच्छेद ११५ खाली पुन्हा सभागृहापुढे न्यावा लागतो.

खरा माल असतो कृती अहवालात, म्हणजे सरकारच्या उत्तरांवर समिती जो पुढचा अहवाल काढते त्यात. मूळ शिफारशींवर उत्तर द्यायला सरकारला सहा महिने असतात, मग हा निघतो. दुसरे प्रकरण, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, चाळून सोडा. थेट चौथे उघडा: समितीला न पटलेली उत्तरे तिथे सापडतात. पाचव्यात ‘अंतरिम उत्तरे’. बऱ्याचदा ती शुद्ध टोलवाटोलवी.

उणीव मोठी आहे. तपासणी पैसे गेल्यावर होते, शिफारशी बंधनकारक नाहीत, आणि समितीची मुदत जेमतेम वर्षाची, त्यामुळे अर्धवट विषय पुढच्या समितीच्या गळ्यात पडतात.