ऑटोकॅड नसताना ऑटोकॅडचे नकाशे : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मुलुंड पूर्वेला आमची चोवीस सदनिकांची जुनी गृहनिर्माण संस्था आहे. तिच्या पुनर्विकास समितीचा सचिव या नात्याने गेले नऊ महिने मी ऑटोकॅड या इमारतींचे नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेले नकाशे ऑटोकॅड विकत न घेता उघडत, मोजत आणि छापत आलो आहे. मी वास्तुविशारद नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. माझ्यासारखे सचिव मुंबईत गल्लोगल्ली असल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न असा येतो की, पीडीएफ मिळत असताना डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या मूळ नकाशाच्या फाइलचा आग्रह कशासाठी धरायचा? आम्हीही सुरुवातीला पीडीएफवरच समाधान मानले होते. पण व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या त्या नकाशात सभासदांना आपापल्या खोलीचे माप वाचता येईना, आणि वाचता आले तरी ते केवळ लिहिलेले माप होते. डीडब्ल्यूजीमध्ये भिंतीची रेघ तिच्या खऱ्या लांबीने काढलेली असते आणि ती आपल्याला स्वतः मोजता येते. ऑटोकॅड मात्र २०१६ पासून कायमस्वरूपी परवान्यावर मिळत नाही, वर्गणी भरावी लागते, आणि वर्षाकाठी चार-पाच वेळा नकाशे पाहण्यासाठी तो खर्च सर्वसाधारण सभेत मांडण्याची माझी हिंमत नव्हती. एका सभासदाने ‘क्रॅक’ आणून देण्याची तयारी दाखवली. संस्थेच्या संगणकावर तसले काही नको, म्हणून त्यांना चहा पाजून परत पाठवले.

ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कचेच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू हे मोफत सॉफ्टवेअर मी मुख्यतः वापरतो. ते फक्त विंडोजवर चालते आणि डाउनलोडला चांगलेच जड आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते उघडेपर्यंत गॅसवर दूध ठेवून येता येते. त्यात नकाशा बदलता येत नाही, पण समितीच्या दृष्टीने हा दोष नसून गुणच आहे, कारण चुकून कोणाचा हात लागून भिंत सरकण्याची भीती राहत नाही. अंतर आणि क्षेत्रफळ मोजणे, फर्निचरसारखे नको असलेले लेयर (नकाशाचे एकावर एक असलेले थर) बंद करणे, योग्य प्रमाणात पीडीएफ काढणे आणि फाइल जुन्या आवृत्तीत रूपांतरित करणे ही चारही कामे ते नीट करते. मोजताना कोपरा पुरेसा मोठा करून, कर्सर रेघेच्या टोकाला चिकटल्याची खूण दिसल्यावरच क्लिक करावे, अन्यथा वीस-पंचवीस मिलिमीटरची चूक सहज होते. कार्पेट, म्हणजे सदनिकेचे आतले वापरायचे क्षेत्रफळ, मोजायचे असेल तर बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कोपऱ्यांवरून फिरावे आणि आतल्या विभाजक भिंती वजा करू नयेत, कारण २०१६ च्या रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातील व्याख्येत त्या कार्पेटमध्येच धरल्या जातात; बाहेरच्या भिंती, डक्ट (नळ-पाइपांसाठी ठेवलेली उभी मोकळी जागा) आणि बाल्कनी मात्र धरली जात नाही.

हे सगळे शिकल्याचे चीज तिसऱ्या महिन्यात झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना त्यांच्या शयनकक्षाचे माप समजावून सांगत होतो. नकाशावर ३०५० असे लिहिले होते, म्हणजे तितके मिलिमीटर, दहा फूट. त्यांना दाखवावे म्हणून सहज दोन भिंतींमधले अंतर मोजले, तर २८४० आले. तीनदा मोजले, तिन्ही वेळा तेच. खोलीची दुसरी बाजू ३६६० असल्यामुळे फरक सुमारे सव्वाआठ चौरस फुटांचा होता, आणि मुंबईत सव्वाआठ चौरस फूट सोडून देण्याइतके उदार कोणी नसते.

माझेच काही चुकत असावे अशी शंका होती, म्हणून ओपन डिझाइन अलायन्स या संघटनेच्या मोफत फाइल कन्व्हर्टरने ती फाइल डीएक्सएफमध्ये बदलली. या कन्व्हर्टरला एक फोल्डर द्यायचे आणि दुसरे दाखवायचे, की आतल्या सगळ्या फाइली एका दमात बदलून मिळतात. डीएक्सएफ हा साधा मजकूर असतो, एका ओळीवर सांकेतिक क्रमांक आणि पुढच्या ओळीवर त्याचे मूल्य, त्यामुळे ती नोटपॅडमध्येही उघडते. तिथे ३०५० शोधल्यावर मापाच्या नोंदीत १ या क्रमांकाखाली ३०५० सापडले आणि काही ओळी खाली ४२ या क्रमांकाखाली २८४०. पहिला क्रमांक कोणीतरी हाताने टंकलेल्या मजकुराचा, दुसरा प्रत्यक्ष मोजमापाचा. माप हाताने टंकलेले नसते, तर पहिली जागा बहुधा रिकामी दिसली असती.

वास्तुविशारदांच्या कार्यालयाला त्या ओळींचे छायाचित्र पाठवले. शेजारचा डक्ट रुंद करताना भिंत आत सरकली होती आणि हाताने लिहिलेले माप आपोआप बदलले नव्हते, असे त्यांनी दोन दिवसांत मान्य केले. त्यात लबाडी होती असे मला वाटत नाही, निष्काळजीपणा मात्र होता. पुढच्या सुधारित नकाशात भिंत मागे गेली. तेव्हापासून प्रत्येक सदनिकेची किमान दोन मापे मी स्वतः मोजतो.

आता त्रासाच्या गोष्टी. एकदा कॉलमच नसलेला तळमजला उघडला आणि समितीत खळबळ उडाली. प्रत्यक्षात कॉलमचा नकाशा एक्सरेफ (मूळ नकाशाला बाहेरून जोडलेला नकाशा) म्हणून वेगळ्या फाइलमध्ये होता आणि ती फाइल पाठवायची राहून गेली होती. म्हणून आता मी मागतानाच ‘सर्व एक्सरेफ बाइंड करून (म्हणजे मूळ फाइलमध्येच सामावून) आणि फॉन्टसह’ असे लिहितो. फॉन्टचा घोळ वेगळाच आहे. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टची फाइल नसेल तर अक्षरांच्या जागी दुसराच फॉन्ट येतो आणि मजकूर चौकटीबाहेर पळतो. मराठी टिपा युनिकोडऐवजी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘सामासिक अंतर’ (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) हे शब्द इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन समोर येतात. त्यावर मला उपाय सापडलेला नाही, त्यामुळे त्या टिपा पीडीएफमध्येच वाचतो.

फाइल उघडतच नसेल तर आधी तिची आवृत्ती पाहावी. डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली की बाकी सगळा कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरे स्वच्छ वाचता येतात. एसी१०३२ म्हणजे २०१८ चे स्वरूप, एसी१०२७ म्हणजे २०१३ चे आणि एसी१०१५ म्हणजे २००० चे. जुन्या ट्रूव्ह्यूला नवे स्वरूप वाचता येत नाही, एवढाच बहुतेक वेळा रोग असतो.

विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्या आमच्या खजिनदारांनी लिब्रेकॅड हे मोफत नकाशा-सॉफ्टवेअर वापरून पाहिले. डीएक्सएफवर ते हलके आणि चपळ चालते, पण थेट डीडब्ल्यूजी उघडताना आमच्या नकाशातील काही हॅच (भाग रेघांनी भरून दाखवण्याच्या खुणा) आणि मजकूर गायब झाले, म्हणून तेही आधी कन्व्हर्टरमधून फाइल काढून घेतात. ब्राउझरमध्ये चालणारे ऑटोडेस्कचे व्ह्यूअर मोबाइलवर सोयीचे आहे, मात्र त्यासाठी फाइल त्यांच्या सर्व्हरवर चढवावी लागते, आणि करार होण्यापूर्वी संस्थेचे नकाशे बाहेर ठेवायचे नाहीत असा समितीचा ठराव असल्याने मी ते टाळतो. महापालिकेच्या लेखी अर्थात मी मोजलेली मापे ग्राह्य नसतात. तिथे मंजूर नकाशाच ग्राह्य, आणि डीडब्ल्यूजीतले माप त्याच्याशी पडताळून पाहण्यापुरतेच.

दोन सुधारित नकाशांतला फरक शोधण्याची सोय मात्र मला अजून जमलेली नाही. सध्या ट्रूव्ह्यूमधून दोन्ही एकाच प्रमाणात छापतो, एकावर एक ठेवून बाल्कनीच्या काचेला चिकटवतो, आणि सकाळी दहाच्या उन्हात कुठली भिंत दुहेरी दिसते ते पेन्सिलीने गोल करून ठेवतो.